व्हॉल्व्ह-विवर्धकातील गुंजन : कारणे व निदान

घरी जुळविलेल्या व्हॉल्व्ह-विवर्धकाविषयी जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते, ती ध्वनिक्षेपकातून अखंड उमटणाऱ्या खर्जातील गुंजनाची होय. बाजारात त्याला नुसते ‘हम’ म्हणतात. द्रुत गत रंगात आली असता ते लपते. परंतु आलापातील विरामात ते पुन्हा डोके वर काढते. त्यावर सुचविले जाणारे उपायही ठरलेलेच असतात. कोणी सांगतो, फिल्टरचा कंडेन्सर मोठा घाला. कोणी सांगतो, शिल्डची तार वापरा. कोणी आणखी एक अर्थ जोडावयास सांगतो. यांपैकी प्रत्येक उपाय कोठे ना कोठे लागू पडलेला असतो, आणि म्हणूनच तो सर्वत्र करून पाहण्याचा मोह होतो. वस्तुतः गुंजन हा एक विकार नव्हे. एकाच लक्षणाने प्रकट होणारे ते पाच-सहा निरनिराळे विकार आहेत. एकावरचे औषध दुसऱ्यास निरुपयोगी असते, आणि त्यांतील एक औषध तर प्राणघातक आहे. हातात डाखाची कांडी घेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे कसे ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचनात व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, ग्रिड हे बाजारात रूढ असलेलेच शब्द वापरले आहेत. धारित्र, रोहित्र, जालक हे परिभाषाकोशातील शब्द निर्दोष आहेत; परंतु काम करीत असता ते कोणाच्या तोंडी येत नाहीत. उदाहरणासाठी ब्रिटनमधील मल्लार्ड कंपनीने प्रसिद्ध केलेले पाच व्हॉल्व्हचे, दहा वॉटचे मंडल घेऊ. त्या कंपनीच्या १९५९ सालच्या ध्वनिविवर्धकांवरील पुस्तकामुळे ते सर्वदूर पोहोचले आणि हौशी मंडळी ते अजूनही जुळवितात. त्यात प्रथम ईएफ ८६ हा पेंटोड, त्यानंतर संदेशाच्या दोन परस्परविरुद्ध प्रती करणारा ईसीसी ८३, शेवटी पुश-पुल पद्धतीने जोडलेले दोन ईएल ८४, आणि वीजपुरवठ्यासाठी ईझेड ८१ सारखा रेक्टिफायर असतो.

पहिले उपकरण म्हणजे आपला कान. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. पूर्णतरंगी रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेस वळवितो, त्यामुळे उच्चदाबाच्या पुरवठ्यावर उरणारी ऊर्मी, म्हणजेच रिपल, सेकंदास १०० आवर्तनांची असते. याउलट हीटरच्या तारांतून अथवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरलेला उपद्रव मुख्यतः ५० आवर्तनांचा असतो. या दोन स्वरांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे आणि ते थोड्या सवयीने कोणासही ओळखता येते. मात्र एक सावधगिरी हवी. ५० आवर्तनांच्या स्वराला आपला कान फारच मंद असतो, आणि लहान ध्वनिक्षेपक तर तो जवळजवळ देतच नाही; अशा वेळी त्याचे गुणित स्वरच ऐकू येतात व फसगत होते. शंका असल्यास दोलनदर्शकावर पाहावे. तिसरा प्रकार भणभणीचा. मूळ स्वर १०० आवर्तनांचाच, पण त्यावर तीक्ष्ण, चरचरीत धार असते. ही धार म्हणजे प्रवाहाचे अरुंद, टोकदार स्पंद कोठेतरी संदेशाच्या वाटेवर आले आहेत याची खूण होय. तिचा विचार पुढे विस्ताराने करू.

गुंजन एकाएकी वाढले आणि त्याचा स्वर १०० वरून ५० वर उतरला, तर रेक्टिफायरचा एक अर्धा भाग निकामी झाला असे प्रथम समजावे. तेथे तारा हलवीत बसण्यात अर्थ नाही.

चॅसी उलटी करण्यापूर्वी फिल्टरमधील साठ्याचे भान ठेवले पाहिजे. १०० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर ३२० व्होल्टांपर्यंत भारलेले असता त्यांत सुमारे ५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती तेथेच राहते. पुरवठ्यास समांतर अडीच लाख ओहमचा रेझिस्टन्स कायम जोडलेला असेल, तर २५ सेकंदांनी दाब मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर, म्हणजे ११८ व्होल्टांवर येतो. हाही धोक्याचाच आहे. दोन मिनिटे थांबून, मीटरने दाब पाहून मगच हात घालावा. यंत्र चालू ठेवून तपासणी करावी लागेल तेव्हा एक हात खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची रीत पाळावी.

दोषाचे स्थान निश्चित करण्याची रीत शेवटाकडून आरंभाकडे जाण्याची आहे. आवाजाचे बटण फिरविल्याने गुंजन कमी-जास्त होत असेल, तर ते बटणाच्या आधीच्या भागात शिरते आहे. होत नसेल, तर नंतरच्या. नंतरच्या भागात एकेका व्हॉल्व्हची ग्रिड संदेशापुरती जमिनीशी जोडून पाहावी. ज्या टप्प्यावर गुंजन थांबते, त्याच्या अलीकडे त्याचे मूळ असते. परंतु आपल्या मंडलात ईसीसी ८३ ची ग्रिड ईएफ ८६ च्या ॲनोडशी थेट जोडलेली आहे व तिच्यावर एकदिश दाब असतो. ती साध्या तारेने चॅसीला टेकविल्यास व्हॉल्व्हची स्थिती पार बिघडते. तेथे १ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टांचा कंडेन्सर मध्ये घातला पाहिजे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आउटपुटकडून पहिल्या व्हॉल्व्हकडे नेलेला ऋण पुनःप्रदाय, ज्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, तो मधल्या व शेवटच्या टप्प्यांतील गुंजन दाबून टाकीत असतो. मधली ग्रिड बांधली की ही साखळी तुटते, आणि तोवर दबलेले गुंजन उलट वाढलेले भासते. म्हणून तपासणीपुरता पुनःप्रदाय सोडवून ठेवावा आणि सर्व तुलना त्याच स्थितीत करावी.

आता उच्चदाबाच्या पुरवठ्याकडे वळू. हिशेब सोपा आहे. पुरवठ्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल व पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडचा असेल, तर त्यावरील ऊर्मी तळापासून शिखरापर्यंत फार तर २० व्होल्ट भरते. त्यापुढे १० हेन्रीचा चोक व दुसरा ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला, तर १०० आवर्तनांस चोकचा विरोध सुमारे ६,३०० ओहम आणि कंडेन्सरचा सुमारे ३२ ओहम होतो. ऊर्मी जवळजवळ दोनशेपट घटून एकदशांश व्होल्टावर येते. शेवटच्या टप्प्यास ती सहज चालते, कारण पुश-पुल जोडणीत दोन्ही व्हॉल्व्हमधील समान ऊर्मी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परांस छेदून जाते. मात्र त्यासाठी दोन्ही व्हॉल्व्ह समबल हवेत. दोन्ही ईएल ८४ च्या कॅथोडांवरील दाब मोजून पाहावा. त्यांत मोठी तफावत आढळल्यास कंडेन्सर बदलण्यापूर्वी व्हॉल्व्ह बदलावा.

पहिल्या टप्प्याची गोष्ट वेगळी आहे. ईसीसी ८३ सारख्या ट्रायोडचा अंतर्गत रोध ६२ हजार ओहमांच्या आसपास असतो. ॲनोडवरील रेझिस्टन्स एक लाखाचा असेल, तर पुरवठ्यावरील ऊर्मीचा चाळीस टक्क्यांहून थोडा कमी भागच ॲनोडवर उमटतो. पेंटोडचा अंतर्गत रोध मात्र कित्येक लाख ओहमांचा असतो, त्यामुळे ऊर्मी जवळजवळ जशीच्या तशी ॲनोडवर येते. ईएफ ८६ च्या ॲनोडवर पूर्ण आवाजाच्या वेळीही संदेश अर्ध्या व्होल्टाच्या आसपासच असतो. त्यावर एकदशांश व्होल्टाची ऊर्मी बसली तर ती ऐकू येणारच. यासाठी या व्हॉल्व्हला ३३ हजार ओहमचा रेझिस्टन्स व ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांची स्वतंत्र गाळणी द्यावी. ऊर्मी आणखी सुमारे १६० पट घटते. पहिला कंडेन्सर दुप्पट करून जे साधत नाही, ते या स्वस्त जोडीने साधते. शिवाय पहिला कंडेन्सर मनमानेल तितका वाढविता येतही नाही. ईझेड ८१ ला ५० आणि जीझेड ३४ ला ६० मायक्रोफॅरड ही निर्मात्यांनीच घालून दिलेली मर्यादा आहे; ती ओलांडल्यास भारण्याच्या प्रवाहाची शिखरे वाढतात आणि रेक्टिफायरचे आयुष्य घटते. जुन्या साठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वरून कोरे दिसले तरी आतून सुकलेले असू शकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुन्या व्हॉल्व्हचा शोध अवश्य घ्यावा. कंडेन्सर मात्र नवेच घ्यावेत.

यानंतर जो विषय येतो त्यात माझ्या मते घरगुती विवर्धकांतील निम्म्याहून अधिक गुंजनाचे मूळ आहे. तो म्हणजे जमिनीची जोडणी. मंडलाच्या आराखड्यात जमिनीचे चिन्ह दहा ठिकाणी काढलेले असते व ती दहाही ठिकाणे एकच बिंदू आहेत असे गृहीत धरलेले असते. कागदावर ते खरे आहे. धातूत ते खरे नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम असतो, म्हणजे १२ सेंटिमीटरच्या तुकड्याचा २ मिलिओहम. ही संख्या उपेक्षणीय वाटते. परंतु रेक्टिफायरमधून कंडेन्सरकडे जाणारा प्रवाह संथ वाहत नाही. कंडेन्सर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शिखराजवळ थोडाच वेळ भारला जातो. हा वेळ एकपंचमांश धरला, तर १०० मिलिअँपिअरच्या सरासरीसाठी त्या अवधीत अर्धा अँपिअर प्रवाह वाहिला पाहिजे, आणि शिखर त्याहूनही उंच जाते. अर्धा अँपिअर २ मिलिओहममधून गेला की तारेच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टाचे अंतर पडते. तारेचा हाच तुकडा पहिल्या ग्रिडच्या परतीच्या वाटेचाही भाग असेल, तर ते अंतर संदेशात मिळते. ज्या विवर्धकास पूर्ण आवाजासाठी ४० मिलिव्होल्ट पुरतात, त्यात हा उपद्रव पूर्ण संदेशाच्या चाळिसाव्या हिश्शाइतका, म्हणजे केवळ ३२ डेसिबल खाली राहील. एवढे गुंजन शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल. वर सांगितलेली टोकदार भणभण ती हीच.

पुनःप्रदाय येथे साह्याला येत नाही हे विशेष ध्यानी घ्यावे. आतल्या टप्प्यांत उपजलेल्या ऊर्मीस तो दाबतो. परंतु इनपुटच्या मंडलातच मिसळलेले गुंजन त्याच्या दृष्टीने संगीताइतकेच ग्राह्य असते. फिल्टर कितीही वाढविला तरी या भणभणीत फरक पडत नाही. उलट पहिला कंडेन्सर वाढविल्यास शिखरे उंचावून ती अधिक कर्कश होते. ‘कंडेन्सर वाढविला आणि हम वाढला’ ही तक्रार म्हणजे जोडणी चुकल्याचा जवळजवळ पुरावाच समजावा.

उपाय खर्चाचा नाही, क्रमाचा आहे. उच्चदाबाच्या वाइंडिंगचा मधला टोक, म्हणजे सेंटर टॅप, चॅसीला न जोडता थेट पहिल्या कंडेन्सरच्या ऋण टोकावर स्वतंत्र तारेने आणावा, म्हणजे भारण्याचे स्पंद त्या छोट्या फेऱ्यातच फिरत राहतात. तेथून दुसऱ्या कंडेन्सरचे ऋण टोक, तेथून शेवटच्या टप्प्याची जमीन, मग ईसीसी ८३ ची, आणि सर्वांत शेवटी ईएफ ८६ ची व इनपुटची, असा प्रवाहाच्या उतरत्या क्रमाने जाणारा जाड तारेचा एक कणा करावा. प्रत्येक टप्प्याचा कॅथोड रेझिस्टन्स, ग्रिडचा रेझिस्टन्स व त्याच्या गाळणीचा कंडेन्सर हे त्या टप्प्याच्या एकाच ठिकाणी येऊन मिळावेत. हा कणा चॅसीला एकाच जागी, इनपुटच्या सॉकेटजवळ, जोडावा. सॉकेट स्वतः चॅसीपासून पृथक असावेत. सर्व तारा एकाच स्क्रूवर आणण्याची तारकाकृती पद्धतही चालते. पण तीत पहिल्या टप्प्याच्या तारा विनाकारण लांबतात, म्हणून मला कण्याची पद्धत अधिक पसंत आहे. व्हॉल्व्हच्या सॉकेटशेजारी जेथे स्क्रू सापडेल तेथे चॅसीला टेकवावयाचे, ही रेडिओ दुरुस्तीतली सवय येथे सोडून दिली पाहिजे.

हीटरकडून येणारे ५० आवर्तनांचे गुंजन मुख्यतः दोन वाटांनी येते. एक वाट स्थिरविद्युत् धारिता ही आहे. हीटरची तार व पहिली ग्रिड यांच्यात १ पिकोफॅरड धारिता असली, तर ५० आवर्तनांस तिचा विरोध सुमारे ३२० कोटी ओहम होतो. परंतु ग्रिडचा रेझिस्टन्स १० लाख ओहमांचा असल्यास ६.३ व्होल्टांपासून ग्रिडवर २ मिलिव्होल्ट उमटतात. हीटरच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि हीटर वाइंडिंगचे एक टोक नव्हे, तर मध्य जमिनीशी बांधावा. म्हणजे दोन तारांचे विरुद्ध परिणाम परस्परांस छेदतात. मध्य काढलेला नसेल, तर १०० ओहमचे दोन समान रेझिस्टन्स लावून तो कृत्रिम रीतीने करता येतो. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या आतली आहे: तापलेल्या हीटरमधून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जातात. हीटरचा मध्य जमिनीऐवजी ४० व्होल्टांच्या एकदिश दाबाशी जोडला की ही गळती बहुधा थांबते. ३२० व्होल्टांच्या पुरवठ्यावर २ लाख २० हजार व ३३ हजार ओहमचे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडले की खालच्यावर हा दाब मिळतो; तीच जोडी प्लग काढल्यावर कंडेन्सर रिकामे करण्याचेही काम करते. खालच्या रेझिस्टन्सला समांतर काही मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मात्र हवा, नाही तर पुरवठ्यावरील ऊर्मी हीटरवर चढेल.

इनपुट उघडे असता गुंजन मोठे आणि शॉर्ट करताच नाहीसे, असे आढळल्यास स्थिरविद्युत् प्रवेश समजावा व आच्छादन तपासावे. शॉर्ट करूनही टिकून राहिले, तर जमिनीकडे आणि चुंबकीय क्षेत्राकडे पाहावे. चुंबकीय उपद्रवावर ॲल्युमिनियमचा पत्रा उपयोगाचा नाही. ५० आवर्तनांचे क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२ मिलिमीटर खोल गेल्यावर कोठे एकतृतीयांशाच्या आसपास येते, आणि चॅसीचा पत्रा असतो दोन मिलिमीटरांचा. येथे अंतर आणि दिशा हेच खरे उपाय आहेत. वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर पक्का बसविण्यापूर्वी उच्चदाब न देता त्यास वीज द्यावी, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वाइंडिंगला हेडफोन लावावा आणि दोहोंपैकी एक हळूहळू फिरवीत न्यावा. ज्या स्थितीत आवाज किमान होतो, तेथेच भोके पाडावीत. बहुधा दोघांच्या वाइंडिंगचे अक्ष काटकोनात असता ही स्थिती येते. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे, आणि चॅसीला भोके पाडल्यावर ती करता येत नाही.

विवर्धक एकटा असता शांत आणि टेप-डेक वा संगणक जोडताच गुंजू लागला, तर दोष दोघांपैकी एकातही नसून दोघांच्या मध्ये आहे. दोन्ही उपकरणांचे तीन पिनांचे प्लग घरातील अर्थच्या तारेने एकत्र आलेले असतात, आणि संदेशाच्या तारेचे आच्छादन त्यांना दुसऱ्यांदा जोडते. असे एक बंद वेटोळे तयार होते. वेटोळ्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर व भोवतालचे चुंबकीय क्षेत्र १ मायक्रोटेस्ला धरले, तर त्यात सुमारे १५० मायक्रोव्होल्टांचा दाब प्रवर्तित होतो आणि आच्छादनातून प्रवाह खेळू लागतो. येथेच पुष्कळ जण तो प्राणघातक उपाय योजतात: प्लगाची अर्थची पिन तोडतात. गुंजन खरोखरच थांबते, आणि त्यामुळे उपाय बरोबर ठरल्याचे समाधानही मिळते. परंतु ट्रान्सफॉर्मरचे पृथक्करण ज्या दिवशी फुटेल, त्या दिवशी चॅसीवर २३० व्होल्ट येतील, फ्यूज उडणार नाही, आणि तोच दाब आच्छादनातून तबकडीच्या भुजेवर किंवा गायकाच्या हातातील मायक्रोफोनवर पोहोचेल. चॅसी आणि तिसरी पिन यांचा सांधा कोणत्याही कारणास्तव तोडता कामा नये. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावून तारा एकमेकींलगत नेल्या, तर वेटोळ्याचे क्षेत्रफळच घटते. तेवढ्याने न भागल्यास आतील कणा व चॅसी यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टन्स घालावा. चॅसी थेट भूसंपर्कातच राहते, आणि वेटोळ्यातील प्रवाह मात्र नगण्य होतो. संदेशाच्या वाटेवर पृथक्कारी ट्रान्सफॉर्मर घालणे हा सर्वांत निर्दोष, पण खर्चिक मार्ग आहे. जुने एसी-डीसी रेडिओ, ज्यांत हीटर एका माळेत असतात व चॅसी सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली असते, त्यांना बाहेरचे कोणतेही उपकरण तारेने जोडूच नये.

गुंजनाव्यतिरिक्त जो गोंगाट असतो त्याबद्दल थोडक्यात. सतत येणारी सरसर कोणत्याही रोधातील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीतून येते. तिचे मापन जॉन्सन यांनी व उपपत्ती नायक्विस्ट यांनी १९२८ साली प्रसिद्ध केली. १ लाख ओहमच्या रेझिस्टन्सवर २० हजार आवर्तनांच्या पट्ट्यात ती सामान्य तापमानास ५.८ मायक्रोव्होल्टांच्या आसपास असते व तिच्यावर उपाय नाही. कार्बनच्या जुन्या रेझिस्टन्समधून एकदिश प्रवाह जात असता त्याहून अधिक सरसर येते. पहिल्या ॲनोडवर धातुपटलाचे रेझिस्टन्स घातल्यास ती घटते. अनियमित खरखर बहुधा कच्च्या डाखाची अथवा व्हॉल्व्हच्या मळलेल्या पिनांची असते. भ्रमणध्वनीची टरटर व एलईडी दिव्यांच्या पुरवठ्याचा उपद्रव पहिल्या ग्रिडच्या पिनेवरच, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, १० हजार ओहमचा रेझिस्टन्स जोडल्याने पुष्कळसा आटोक्यात येतो.

इतके सर्व केल्यावर काही गुंजन उरतेच. किती उरलेले चालेल, हे ध्वनिक्षेपकावर अवलंबून आहे. इनपुट शॉर्ट करून ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाच्या टोकांवर १ मिलिव्होल्ट आढळला, तर तो एका वॉटच्या पातळीहून ६९ डेसिबल खाली असतो. एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या ध्वनिक्षेपकातून तो २१ डेसिबलांचा होईल, आणि एवढ्या खालच्या स्वरात तो कान टेकविल्याखेरीज ऐकू येणार नाही. शंभर डेसिबल देणारा कर्णा असेल, तर मात्र एकतृतीयांश मिलिव्होल्टापर्यंत उतरावे लागेल.